मामंजींचं अर्थिंग

"झोपली बघा परत," जीपमधून खाली उतरायच्या आधीच सर्जेराव म्हणाला. "मायणीच्या अलीकडं. गाणं रंगात आलं, पोरं म्हणाली वाढवा, मी वाढवलं, आनि गप. लाल दिवा लागला. पोरं हसाय लागली."

मामंजी बाकड्यावर बसून एका स्टार्टरचे कार्बन बदलत होते. त्यांनी मान वर केली नाही. "किती वाढवलंस?"

"तीसपत्तर. चाळीस आकडे हायत त्याच्यावर, अण्णा. वरचे दहा काय शोभेला दिल्यात?"

मी आत एका हॉर्नच्या तारा जोडत होते. याच कामासाठी गाडी परत येण्याची ही तिसरी खेप होती.

सर्जेराव माने विटा ते मायणी वडाप चालवायचा. वडाप म्हणजे दहाच्या जागी अठरा माणसं कोंबून भरलेली जीप. स्टँडबाहेर अशा चार जिपा उभ्या असल्या की जिच्यातलं गाणं थेट छातीत धडधडतंय, तिच्यात कॉलेजची पोरं आधी चढत. म्हणून सर्जेरावनं आमच्याकडून मागच्या सीटखाली मोठा ॲम्प्लिफायर बसवून घेतला होता, आणि त्याच्यामागे लाकडी खोक्यात दोन दणकट स्पीकर. कमी आवाजात सगळं सुरळीत चालायचं. आवाज चढवला की ॲम्प आपोआप बंद पडायचा, आणि दोन मिनिटांनी काही झालंच नाही अशा शहाजोगपणे पुन्हा सुरू व्हायचा.

पहिल्या खेपेला आम्ही स्पीकरची जोडणी बदलली. दोन्ही एकत्र जोडल्यामुळे ॲम्पवर भार पडत असेल असं वाटलं होतं. दुसऱ्या खेपेला बॅटरीपासून येणारी वायर बारीक वाटली, म्हणून जाड ओढली आणि फ्यूजचा होल्डर नवा घातला. दोन्ही वेळा दुकानासमोर गाडी वाजली, आणि दोन्ही वेळा रस्त्यावर जाऊन झोपली. दुकानासमोर आम्ही आवाज पंचवीसच्या वर कधी नेलाच नव्हता, समोरच्या गिरणीवाल्या बाईंची तक्रार नको म्हणून. एवढी साधी गोष्ट आमच्या लक्षात आली नव्हती.

तिसऱ्या खेपेचं मला जे भय होतं, ते सर्जेरावचं नव्हतं. आमचे मालक, म्हणजे मामंजींचे चिरंजीव उत्तम, आणि सर्जेराव एका वर्गातले. मालक तेव्हा कोइमतूरला गलाईच्या धंद्यात होते, सोनं-चांदी गाळायच्या. आमच्या तालुक्यातल्या निम्म्या घरांतले पुरुष असेच कुठे ना कुठे गलाईला गेलेले. सर्जेराव त्यांना फोनवर इकडच्या बातम्या पुरवायचा, आणि गाडी दोनदा परत आली ही बातमी त्यानं चवीनं पुरवली होती. आदल्या रविवारी मालकांचा फोन आला होता.

"अण्णांच्यानं आता होत नाही," ते म्हणाले होते. "गावात हसं होतंय. अजून एक गाडी परत आली की बास. गाळा मोबाईलवाल्याला देऊन टाकतो. तू पोरीला घेऊन इकडं ये."

मी "बरं" म्हणाले होते. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि फोनवर मी तेवढंच म्हणायची. पण सात वर्षं मी त्या दुकानात काढली होती. आधी मामंजींचा डबा घेऊन यायची, मग हातात टॉर्च धरून उभी राहायची, मग एक दिवस त्यांनी सोल्डरिंगचं यंत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "जळलं तर जळू दे." आता जिपा, ट्रॅक्टर, ट्रक, सगळ्यांच्या वायरिंगचा गुंता मी डोळे मिटून सोडवायची. कोइमतूरला जाऊन मी काय करणार होते? दोन खोल्यांत भाकरी थापणार आणि न कळणाऱ्या भाषेतलं भांडण खिडकीतून ऐकणार. दुकान गेलं की माझं सगळंच गेलं, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि हे मी कुणापाशी बोलले नव्हते.

मामंजी उठून जीपपाशी आले. दोन मिनिटं गाणं ऐकलं आणि हात झटकले. "ॲम्पच नासका निघाला. दुसरा मागवाय पायजे."

"दुसरा येईपत्तर मी काय टाळ वाजवू?" सर्जेराव म्हणाला. "हे बघा वैनी, राग मानू नका. चारला गाडी भरायची हाय. तवर वाजली तर बरं, न्हाईतर सगळं उतरवून कराडला नेतो."

"तुम्ही जेवून या, मामंजी," मी म्हणाले. "मी बघते."

मामंजी घरी गेले. सर्जेराव स्टँडवर मित्रांकडे गेला. दुपारचा एक वाजला होता. मी पदर खोचला आणि ठरवलं की आज अंदाजानं एक स्क्रूसुद्धा फिरवायचा नाही. जे मोजून कळेल तेवढंच मानायचं.

आधी ॲम्प काढून टेबलावर घेतला. दुकानातली बॅटरी, दुकानातले जुने स्पीकर, आणि आवाज चाळीसवर. गिरणीवाल्या बाई बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी हात जोडले आणि वीस मिनिटं वाजू दिलं. ॲम्प तापला, पण बंद पडला नाही. म्हणजे ॲम्प नासका नव्हता. जीपचे स्पीकर जोडून पाहिले, तेही ठणठणीत. म्हणजे दोष गाडीतच होता, बॅटरी आणि ॲम्प यांच्या मधे कुठेतरी.

ॲम्प परत गाडीत जोडला, इंजिन चालू केलं आणि मीटर लावला. आवाज कमी असताना ॲम्पला साडेतेरा व्होल्ट मिळत होते. पंचविसाच्या पुढे गेले की काटा घसरू लागायचा. ढोलाचा ठेका पडला की अकरा, मग दहा, मग नऊ, आणि लाल दिवा. बिचाऱ्याला भूक लागेल तेव्हाच कुणीतरी ताट ओढून घेत होतं. बॅटरीवर मात्र काटा जागचा हलत नव्हता.

वीज येते एका वायरीनं आणि परत जाते गाडीच्या पत्र्यातून. येण्याची वाट मी टप्प्याटप्प्यानं तपासली. बॅटरीचं टोक, फ्यूज, जाड वायर, ॲम्पचं टोक. कुठेही गळती नाही. मग उरली परत जाण्याची वाट. तीसुद्धा तशीच टप्प्याटप्प्यानं तपासायला मी सीटखाली वाकले आणि माझा हात थांबला.

ॲम्पची काळी वायर जिथे जीपच्या तळाला बोल्टनं आवळली होती, त्या बोल्टवर पिवळ्या ऑइलपेंटचा ठिपका होता.

हा ठिपका म्हणजे मामंजींची सही. गाडीचं बाकी काम कुणीही करो, अर्थिंग, म्हणजे ही परतीची जोडणी, ते स्वतः करत. पत्र्याचा रंग खरवडून चकचकीत करायचा, वायर आवळायची आणि वर पिवळा ठिपका द्यायचा. तरुणपणी एकदा त्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवलं होतं आणि त्या माणसाच्या कच्च्या अर्थिंगनं एक टेंपो पेटला होता. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. आणि एकदा ठिपका पडला की तो बोल्ट उघडायचा नाही, ही दुकानाची रीत. कराड-तासगावचे मेकॅनिकसुद्धा म्हणत, जोतिराम मिस्त्रींचा ठिपका असला तर तिथं शोधू नका. दोन खेपा आम्ही सगळी गाडी पिंजून काढली होती आणि त्या बोल्टकडे कुणी वाकूनही पाहिलं नव्हतं. मीही नाही.

मी एक लांब वायर घेतली. तिचं एक टोक ॲम्पच्या काळ्या टोकाला लावलं आणि दुसरं पुढे नेऊन थेट बॅटरीला. बोल्ट न उघडता त्याला वगळून पाहता येत होतं, तेवढंच केलं. आवाज वाढवला. तीस. पस्तीस. चाळीस. जीपच्या काचा थरथरायला लागल्या आणि लाल दिवा लागला नाही.

गाणं बंद करून मी तिथेच गाडीत बसून राहिले. मग पाना घेतला आणि बोल्ट उघडला.

वायरीच्या टोकाखाली कारखान्यातून आलेला रंग जसाच्या तसा होता, जाड आणि काळा. बोल्टच्या आट्यांतून जेमतेम काही वीज जात होती, तेवढ्यावर कमी आवाज निघायचा. खरवडलेली जागा होतीच. रुपयाएवढी, मामंजी करतात तशी गोल आणि स्वच्छ. फक्त ती बोल्टच्या भोकाभोवती नव्हती, भोकापासून अंगठाभर बाजूला होती.

महिनाभरात मामंजी चहाची कपबशी चाचपून उचलायला लागले होते. पेपर डाव्या बाजूला तिरका धरत होते. मला वाटायचं, वय झालं.

नंतर घरातल्यांनी असं धरलं की त्या दिवशी मी जे खोटं बोलले ते सासऱ्यांची लाज राखायला. तसं नव्हतं. त्या घटकेला मला मामंजींची कणव आलीच नाही. मला दिसला तो कुलूप लावलेला गाळा आणि कोइमतूरची ती खिडकी. मी भोकाभोवतीचा रंग खरवडला, पत्रा उघडा केला, वायर दात-ओठ खाऊन आवळली आणि कपाटातून पिवळ्या रंगाचा डबा काढून बोल्टवर ठिपका दिला. मामंजी देतात तेवढाच.

साडेतीनला दोघंही आले. मी सर्जेरावला म्हणाले, "बसा आणि वाढवा."

त्यानं भीत भीत तीसवर नेलं. मग पस्तीस. मग त्याचा चेहरा फुलला आणि त्यानं एकदम चाळीस केलं. गिरणीवाल्या बाईंनी फाटकच ओढून घेतलं. दहा मिनिटं गाणं दणदणत राहिलं, आणि मामंजी दारात उभे राहून मिशीत हसत होते.

"काय निघालं, वैनी?" सर्जेरावनं विचारलं.

"फ्यूजचा होल्डर ढिला होता."

"मागच्या खेपेला नवाच घातला की."

"नवे पण खराब निघतात."

"मग द्या तो हिकडं," तो हात पुढे करून म्हणाला. काढलेला खराब भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, हीसुद्धा मामंजींचीच रीत. मागच्या खेपेला त्यांनी जुनी वायर नि जुना होल्डर सर्जेरावच्या हातावर ठेवला होता.

माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. मी आत गेले, भंगाराच्या डब्यात हात घातला आणि लागेल तो होल्डर आणून पुढे केला. तो सर्जेरावपर्यंत पोचायच्या आधी मामंजींनी मधेच घेतला. डोळ्यांपाशी नेला नाही. दोन बोटांत फिरवला, नखानं आतला चाप दाबून पाहिला.

"ह्यो आपला न्हवं," ते म्हणाले. "आपल्याला जाड चाप असतोय. ह्यो ट्रॅक्टरचा हाय."

मी पदराला हात पुसायला लागले.

"वैजंता, काय बदललंस?"

मामंजींनी होल्डर खिशात टाकला आणि जीपकडे गेले. मागचं दार उघडून गुडघ्यावर बसले आणि सीटखाली हात घातला. ॲम्पवरून, काळ्या वायरीवरून त्यांचा हात बोल्टपर्यंत गेला आणि तिथे थांबला. बाहेर आला तेव्हा बोटाच्या टोकाला पिवळा रंग लागला होता. त्यांनी तो अंगठ्यावर चोळून पाहिला.

"ओला हाय," ते म्हणाले.

सर्जेराव एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता.

"मी कुठं खरवडलं हुतं?" मामंजींनी मला विचारलं. आवाज अगदी साधा होता, पाना कुठाय विचारावं तसा.

"बाजूला," मी म्हणाले. "अंगठाभर."

ते पुन्हा वाकले आणि ती जागा बोटानं शोधून काढली. मग माझी नवी जागा. दोन्हींमधलं अंतर त्यांनी दोनदा मोजलं. उठताना त्यांनी दाराला धरलं, आणि मी पुढे झाले तर हातानंच मला थांबवलं.

"सर्जा, तुला द्याला खराब पार्ट न्हाई," ते म्हणाले. "अर्थिंग माज्या हातचं हुतं. मला दिसलं न्हाई. तीन येळा तुला हेलपाटं पडलं ते माज्यामुळं. ॲम्प चांगला हाय, तुजी गाडी चांगली हाय."

"जाऊ द्या की अण्णा," सर्जेराव ओशाळून म्हणाला. "वाजतंय न्हवं आता."

"आनि उत्तमला फोन करशील तवा हेच सांग. इकडचं तिकडं करू नगंस."

सर्जेराव मान खाली घालून जीप घेऊन गेला. गाणं त्यानं लावलंच नाही.

मामंजी बाकड्यावर बसले. मी त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. रडू येत होतं, पण ते त्यांच्यासाठी की माझ्यासाठी हे कळत नव्हतं, म्हणून मी ते आवरलं.

"खोटं का बोललीस?" त्यांनी विचारलं.

"दुकान जाईल म्हणून."

त्यांनी मान हलवली. पाणी प्यायले.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं. "डोळ्याचं?"

"उजव्यानं पंचमीपास्नं धुरकट दिसतंय. डावा बी आता त्याच्याच वाटंला लागलाय."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "दुकान जाईल म्हनून," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे, म्हणजे साधारण माझ्या बाजूला. आणि आम्हाला दोघांना हसू फुटलं. सासऱ्यासमोर मी इतकी कधी हसले नव्हते. हसता हसता त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि मग एकदम गंभीर झाले.

"पर उद्या मी दुसऱ्याच्या गाडीचं अर्थिंग केलं असतं, वैजंता. परवा तिसऱ्याच्या. तू काय परत्येक बोल्ट मागनं उघडत बसनार हुतीस? आनि एखांदा ऱ्हायला असता तर? त्यो टेंपो मी बघितलाय जळताना. तू न्हाई बघितलास."

मी म्हणाले, "चुकलं माझं."

"माजं बी," ते म्हणाले. "उद्यापास्नं अर्थिंग तू करायचं. मी बोट लावून बघनार. पसंत पडलं न्हाई तर परत करायचं."

सहाच्या सुमाराला दुकानातला फोन वाजला. कोण ते मला न उचलताच कळलं.

"सर्जाचा फोन आला होता," मालक म्हणाले. "अण्णांना दिसत नाही म्हणे."

"उजव्या डोळ्यानं फार कमी दिसतं. मोतीबिंदू असेल. पुढच्या आठवड्यात मिरजेला नेते दाखवायला."

"तेच तर मी सांगत होतो. आता बास झालं. गाळ्याचं मी त्या मोबाईलवाल्याशी बोलून घेतो."

दर वेळी इथे मी "बरं" म्हणायची. तोंडापर्यंत आलंही होतं.

"गाडी वाजतेय," मी म्हणाले.

"काय?"

"सर्जेरावांची गाडी. चाळीसवर वाजतेय. दोष मी शोधला. अर्थिंग मी केलं. तुमच्या मित्रानं एवढं सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते."

"अगं, पण लोक बाईच्या हातात गाडी देतील का? अण्णा होते म्हणून येत होते लोक."

"मामंजी आहेतच. इथेच बसलेत. आणि गाळा द्यायचा नाही. मी कोइमतूरला येणार नाही. तुम्ही दिवाळीला या, समोरासमोर बोलू, पण दुकान उघडं राहणार."

"वैजंता..."

"आता वेळ नाही मला. दारात ट्रॅक्टर लागलाय. ठेवते."

मी फोन ठेवला. आधी मी ठेवला असं नऊ वर्षांत पहिल्यांदाच झालं होतं.

मामंजी बाकड्यावरून उठून दारापर्यंत गेले. डोळ्यांवर आडवा हात धरून त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"ट्रॅक्टर कुठाय?" ते म्हणाले. "मला तर एवढा बी दिसंना."

"नाहीये, मामंजी," मी म्हणाले. "पण येईल."

आणि आला. दुसऱ्या दिवशी नाही, गुरुवारी.